खरेदी समिती, तिसरा शनिवार

एक्स-रेशेजारच्या खोलीत
अकराची बैठक पावणेबाराला बसते.
डॉ. शिरोडे ओपीडीतून यायचे असतात,
ट्रस्टी लुणावत शेठ सराफ बाजारातून,
आणि डिसेंबर असा की त्र्यंबक रस्त्यावरून आलेला प्रत्येकजण
खुर्चीत बसल्यावरही कानटोपी काढत नाही.
मी वासंती खैरनार, औषधभांडार,
इतिवृत्त लिहायला.

विषय एक. मागील इतिवृत्त कायम.

विषय दोन. पॅरासिटामॉल.
तीन निविदा. सगळ्यात कमी दराची कंपनी
तीच, जिचं नाव कुणालाच नीट वाचता येत नाही.
गोळीमागे सहा पैशांचा फरक.
सहा पैशांवर वीस मिनिटं.
सिस्टर गावित म्हणतात, हिची गोळी
पट्टीतून काढतानाच फुटते,
म्हाताऱ्यांच्या तळहातावर नुसतं पीठ.
मी लिहिते : दर्जाबाबत चर्चा झाली.
पिठाला रकाना नाही.

विषय तीन. नवं अँटिबायोटिक,
डॉ. शिरोडे त्याचं नाव घेतात
भाचीचं बारशातलं नाव घ्यावं तसं.
शेठ विचारतात, जुन्याने माणसं बरी होत नव्हती का?
होत होती.
मग?
बाहेर कुणीतरी थंड पडलेल्या स्कूटरला
किका मारत राहतं.
मी लिहिते : पुढील बैठकीत.
डॉक्टरांच्या खिशातलं पेन, त्यावरचं नाव,
हे लिहीत नाही. माझंही पेन
त्याच कंपनीचं आहे.

विषय चार. सर्पदंशाचं इंजेक्शन.
लेखापाल धोंडगे चष्मा कपाळावरून नाकावर आणतात.
"गेल्या साली चाळीस कुप्या घेतल्या.
वापरल्या सतरा.
तेवीस मुदत संपून फेकल्या."
फेकल्या हे ते दोनदा म्हणतात.
"यंदा वीस बास."

वजाबाकी बरोबर आहे.
ती मीच करून दिलीय, परवा, त्यांच्या टेबलावर.

पण सतरा म्हणजे सतरा माणसं नव्हेत.
दोन.
एक पोरगा, पेठकडचा, घोणस.
दहा कुप्या घेतल्या आणि सहाव्या दिवशी
जिन्यावरून स्वतः उतरला, चप्पल हरवली म्हणून रडत.
एक बाई, हरसूलची, झोपेत मण्यार,
जीप मिळेपर्यंत उजाडलं.
तिला सात.
आठवी फोडावी लागली नाही.

हे मी बोलले.
बोलले म्हणजे, सुरुवात केली,
तेवढ्यात भोये चहा घेऊन आला.

नऊ माणसं, ट्रेमध्ये अकरा कप.
नेहमी अकरा.
येतं कुणीतरी ऐनवेळी, म्हणतो तो.
आज कुणी आलं नाही.
दोन कपांवर साय धरली,
भोयेने ते बेसिनमध्ये ओतले, विसळले,
धोंडगे त्याच्याकडे बघत होते
की खिडकीकडे, मला सांगता येणार नाही.

मग शेठ म्हणाले, बाई काय म्हणत होत्या?
मी पुन्हा सांगितलं. या वेळी
चपलेचं सोडून.
सिस्टर म्हणाल्या, दोघं एका रात्रीत आले तर?
कुणीतरी म्हणालं, सिव्हिलला पाठवू.
कुणीतरी म्हणालं, सिव्हिलवालेही कधीकधी इकडे पाठवतात.
ठरलं : तीस.
तीसच का, हे कुणी विचारलं नाही.
दीड माणूस, मी मनात म्हटलं,
फार तर तीन, नशीब धड असेल तर.
लिहिलं : सर्वानुमते.

संध्याकाळी भांडाराचा फ्रिज उघडते.
सगळ्यात वर इन्सुलिन, खाली डोळ्यांचे थेंब,
मधल्या कप्प्यात
गेल्या खरेदीतल्या उरलेल्या चार कुप्या.
नियम असा, की ज्यांची मुदत आधी संपणार
त्या पुढे ठेवायच्या, हाताशी.
ठेवते.
एकीवर मार्च. तिघींवर फेब्रुवारी.
या दिवसांत साप बिळात असतात.
रजिस्टरवर सही करते, तापमान लिहिते,
चार अंश,
बाहेरही रात्री तेवढंच होईल म्हणतात.